गळाला बांधलेले केस

—नाही, दोन बोटं नकोत, ताई. दोन बोटं म्हणाले होते खरी, पण ते दारातून आत येताना. खुर्चीत बसल्यावर माणसाचं मत बदलू शकतं की नाही? सगळे कापा. इथून, मानेवरून. वेणी घाला, वर एक रबर, खाली एक रबर, आणि वरच्या रबराच्या वर कात्री. एकही केस सुटता कामा नये. का काय? उकडतं म्हणून. —हसलात. बाहेर लोक स्वेटर घालून फिरताहेत, दिसतंय मला. बरं, उकडतं म्हणून नाही. आधी विंचरा तर खरं, सावकाश विंचरा, मला घाई नाही. सासूबाई बाजारात गेल्यात—तार, धागा, मेण, डोळे. हो, डोळेच. काचेचे, मोहरीएवढे. ते मिळायला वेळ लागतो, दुकानदार आधी नेहमी बटणं दाखवतो. त्यांचं झालं की त्या जीप घेऊन येतील आणि बाहेरून हॉर्न वाजवतील. जीप त्याच चालवतात. आत यायच्या नाहीत. मघाशी मला सोडलं तेव्हाही उतरल्या नाहीत—उलट म्हणाल्या, इथे कशाला, पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जा, ते बरं आहे. तुमच्या तोंडावर सांगते, राग मानू नका. मी म्हटलं, इथे खुर्ची रिकामी दिसतेय, आणि उतरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. आयुष्यात म्हणजे लग्न झाल्यापासून. सध्या तेवढंच आयुष्य धरायचं असतं, असं सगळे सांगतात.

तेल? नाही लावत. म्हणून असे कोरडे लागताहेत. आवड म्हणून नाही हो, आमच्या घरात केसांना तेलच लावत नाहीत. वासाचा साबणही नाही. माशांना वास येतो. —कंगवा थांबला तुमचा. सांगते, सांगते. ज्याच्या हातात कात्री आहे त्याला सगळं नीट सांगितलेलं बरं.

पुलाच्या खाली नदी पसरते ना, सगळा लव्हाळ्यांचा आणि पाणथळीचा भाग, तिथे आमचं घर. घर म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या, मोठा व्हरांडा, धक्का, धक्क्याला बांधलेल्या होड्या, आणि या सगळ्याच्या मागे जी काय जागा उरते तिच्यात आम्ही. लांबलांबून लोक येतात मासे धरायला. धरायला म्हणजे—धरून सोडायला. स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांना हे समजावताना मध्यस्थाच्या तोंडाला फेस आला होता. वडील म्हणाले, म्हणजे पैसे भरून येतात, पहाटे उठतात, दिवसभर उन्हात उभे राहतात, मासा धरतात आणि सोडून देतात? मध्यस्थ म्हणाला, हो, पाण्यातून जास्त वेळ बाहेरसुद्धा काढत नाहीत, फोटो काढला की सोडला. वडील म्हणाले, मग जेवायला काय? तर, भाजी. वडिलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, द्या मुलगी. शहाण्यांचे धंदे बुडतात, वेड्यांचा धंदा कधी बुडत नाही.

मासा मात्र तसा आहे, खोटं कशाला बोला. सोनेरी, जबड्यात दात, आणि गळ लागला की पाण्याबाहेर उभा राहून डोकं असं झटकतो की बघणाऱ्याची मान दुखावी. त्याला गांडूळ लावून धरणं यांच्यात कमीपणाचं. यांची काठी लवचीक, दोरी जाड. दोरी हवेत मागे न्यायची, पुढे आणायची, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आणि टोकाची खोटी माशी लव्हाळ्याच्या कडेला अलगद टाकायची. नाव माशी, पण दिसते बोटभर मासोळीसारखी. गळाला पिसं बांधतात, केस बांधतात, वर ते काचेचे डोळे. पाण्यातून ओढली की जिवंत वाटली पाहिजे. कुणी शेळीचे केस वापरतं, कुणी घोड्याच्या शेपटीचे. आमच्या घरी—हां, कळलं ना आता? विंचरा, थांबू नका.

आमच्या माशीला 'काळी' म्हणतात. पहिली सासऱ्यांच्या आईने बांधली, स्वतःच्या केसांची, कारण त्या दिवशी दुसरं काही हाताशी नव्हतं. आणि नेमका मोठा मासा लागला. एकदा मासा लागला की माणूस काय काय मानायला लागतो ते आमच्या धक्क्यावर येऊन बघा. एक म्हातारे पाहुणे येतात, त्यांनी टोपी धुतलेली नाही—कधीपासून ते विचारू नका, आम्ही ती व्हरांड्याच्या बाहेर टांगतो. तर तसा हा नियम झाला, काळी घरातल्या बाईच्याच केसांची. सासऱ्यांच्या आईचे पांढरे झाले तेव्हा सासूबाई आल्या. सासूबाईंचे पांढरे झाले तेव्हा मी आले. मधे त्यांनी कलप लावून पाहिला, पण मासे जवळ येऊन परत फिरायचे, असं सासरे सांगतात. मला वाटतं मासे कधीकधी उगीचही परत फिरत असतील. पण मी म्हटलं नाही तसं. मी घरी बोलतच नाही फारशी. सहा महिन्यांचं साठलेलं आज तुमच्या वाट्याला आलंय, ताई, नशीब तुमचं.

बघायला आले होते ना, तेव्हा मी काय शिकले, मला काय येतं, कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी वेणी हातात घेतली, टोकापासून वर वर, अशी—दोर तपासतात तशी—आणि नाकाला लावली. बहिणी दाराआड फिदीफिदी हसत होत्या. मला वाटलं, किती साधी बाई, लगेच जवळ घेतलं. नवऱ्याला नंतर विचारलं, केस बघून लग्न केलंस का रे? तो म्हणाला, केस आईने बघितले, मी तुझं बोलणं बघितलं. म्हटलं, मी तर एक शब्द बोलले नव्हते. तो म्हणाला, तेच. —चांगला आहे हो तो. होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून लांब बांबूने होडी ढकलतो. पाणी कितीही चकाकत असू दे, त्याला खालचा मासा दिसतो. पुढे उभ्या असलेल्या पाहुण्याला हळूच सांगतो, डावीकडे, जरा पुढे, हां, टाका. जमिनीवर मात्र त्याला स्वतःची चप्पल सापडत नाही. मी समोर बसले असले तरी कधीकधी—जाऊ दे.

दमायला होतं. पहाटेचा चहा, डबे, पाहुण्यांचे ओले बूट उलटे करून ठेवा, चिखल पुसा, दुपारी ते परत आले की त्याच त्याच गोष्टी ऐका—निसटलेला मासा रोज वीतभर वाढतो, धरलेल्याचं तसं होत नाही, त्याचा फोटो असतो. वरती पाऊस झाला की नदी गढूळ होते, मग मासेमारी बंद आणि सगळे दिवसभर व्हरांड्यात. त्या दिवशी तर माशांना मिशासुद्धा फुटतात. पण त्याचं काही नाही. काम कुठल्या घरात नसतं? मला छळतंय ते हे. विंचरणं.

तुमचा हात हलका आहे. सासूबाईंचा याहून हलका. सकाळी होड्या गेल्या, धक्का रिकामा झाला, की त्या मागच्या दाराच्या पायरीवर बसतात आणि हाक मारतात, ये गं. त्या वरच्या पायरीवर, मी खालच्या. टोकाकडून सुरू करतात. गुंता आला की वरून केस मुठीत धरतात, ओढ बसू नये म्हणून. आता तुम्हाला सांगते, आम्ही चार बहिणी. आई शाळेच्या आधी रांगेत बसवायची, एक हात वेणीवर, एक डोळा दुधावर. दूध वर आलं की ज्या मुलीचं डोकं हातात असेल ती ओरडायची. माझे केस इतके वाढले ते कौतुकाने नाही हो, कापायला कुणाला फुरसत नव्हती म्हणून. आणि इथे ही बाई, जिला उभ्या दिवसात चहाचा कप संपवता येत नाही, ती माझ्या पाठीशी निवांत बसते, बोलत काही नाही, मधेच मानेवर बोटं टेकवते, इथे. सुरुवातीला माझे डोळे भरून यायचे. पाठ असायची त्यांच्याकडे म्हणून निभावलं. बहिणींना फोनवर सांगितलं तर त्या अशा जळाल्या की वास आला.

मग एक दिवस मी वळून बघितलं. कंगव्यात आलेले केस त्या एकेक सोडवत होत्या, सारखे करत होत्या—मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला—आणि शेजारच्या बिस्किटांच्या डब्यात आडवे ठेवत होत्या. म्हटलं, आई, हे काय? म्हणाल्या, काळीला. तुला सांगितलं नाही का त्याने? आणि तेवढ्यावर न थांबता मला आत टेबलाशी नेलं आणि बांधायला शिकवलं. टेबलाला छोटा शिकंजा असतो, त्यात गळ अडकवायचा, मेणाचा धागा, पाठीवर केस, वेढे घट्ट, मग डोळे. माझा हात बरा चालला. सासरे म्हणाले, रक्तातच आहे! आता माझं रक्त कुठलं, माझे वडील सायकली दुरुस्त करतात.

तेव्हापासून मी रोज त्या पायरीवर बसते, मान खाली घालते आणि मला कळत नाही की माझं डोकं विंचरताहेत की शेत. हसा, हसण्यासारखंच आहे. मीही हसते. पण विचारणार कसं? आई, मी टकली असते तर तुम्ही मला हाक मारली असती का—असं कोण विचारतं? रोज तीच बोटं, रोज तोच विचार. चांगलं वाटतं आणि चांगलं वाटल्याची लाज वाटते. त्याने जेवढं दमायला होतं ना, तेवढं बुटांनी होत नाही.

आणि परवा तर. आमच्याकडे एक पाहुणे उतरलेत, पाठीमागे आम्ही त्यांना 'पंप' म्हणतो, बोलताना छाती फुगत जाते. त्यांना परवा मोठा मासा लागला, काळीवर. जेवणाच्या टेबलावर फोटो फिरून झाले, पुन्हा फिरून झाले. मग त्यांनी खिशातून ती काळीच काढली आणि मी वाढत होते तर—माझी वेणी उचलली. हो, हाताने, न विचारता. दोन्ही दिव्याखाली शेजारी शेजारी धरून म्हणाले, म्हणजे हा मासा खरं तर सूनबाईंनीच धरला! सगळे हसले. सासरे सगळ्यात जास्त. नवरा ताटात बघत होता. तिथे मासा असता तर नक्की दिसला असता, इतकं निरखून. सासूबाई ताडकन उठल्या. पंपांच्या हातातून आधी काळी घेतली. मग माझी वेणी सोडवली. म्हणाल्या, जेवण गार होतंय. बस, एवढंच. आधी काळी, ताई. मग मी. तेव्हाच ठरवलं.

काय म्हणजे? हेच. सगळे एकदम देऊन टाकायचे. एवढ्या वेणीत किती काळ्या होतील, वर्षानुवर्षं पुरतील. त्यांच्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, आई, हे घ्या. मग उद्या होड्या गेल्या की आपलं कामाला लागायचं आणि कान तेवढे उघडे ठेवायचे. हाक आली तर आली. नाही आली तर निदान कळेल. एकदा कळलं ना, की माणूस दुसरं काहीतरी करायला मोकळा होतो. —नाही, मी रडत नाहीये, तुमचं ते फवाऱ्याचं पाणी आहे. बांधलेत रबर? दोन्ही? मग कापा. आरशात माझ्याकडे काय बघताय? कापा हो.

…झालं?

एवढंच? आवाज कसा आला, वाळलेलं लव्हाळं कापल्यासारखा. आणि ही कोण आरशात? धाकटी बहीण माझी. मला कान आहेत की! द्या, इकडे द्या ती वेणी. बापरे, जड आहे. हे घेऊन झोपत होते मी.

विकायची? छे, विकायची कशी, मघापासून काय सांगतेय मी. —कोण घेतं? इथे केस विकत घ्यायला कोण येतं? …बाहुल्या करते? असेल. छान. …काळेच लागतात. लांब, काळे. कलपाचे नकोत, बरोबर, बाहुलीला कशाला कलप. …तेलाचेही नकोत?

वास घेऊन बघते?

ताई, दिसायला कशी आहे ती? नाही, सहज. पांढरे केस, बारीक अंबाडा… पांढरे केस काय, पुष्कळ जणींचे असतात. डाव्या अंगठ्याला खूण आहे का हो, खोल, गळ रुतून गेल्यासारखी? …तुम्ही विचारलं होतंत? सुई लागली म्हणाल्या. हं. येते कशी ही बाई, चालत? …

जीपने.

थांबा जरा. त्या कशाला विकत घेतील? घरात हे एवढं असताना? पुरत नसतील माझे. हो, तसंच असणार, ऐन हंगाम आहे, पाहुणे प्रत्येक फांदीला एक काळी लटकवून येतात, माझ्या कंगव्यातले चार केस कुठे पुरायला. तसंच आहे. —नाही? मग काय म्हणाल्या? नाही, तुमच्या शब्दांत नको, त्यांच्या शब्दांत सांगा. मी मधे बोलत नाही.

…

मुलीचे?

मुलीचे वापरत होते, पण तिचा भांग रुंद व्हायला लागलाय. कोवळी आहे, नवीन लग्न झालंय, आमच्याकडचं पाणी तिला मानवत नाही, आता तिचे घ्यायचे नाहीत मला. असं म्हणाल्या? आणि घरी कुणाला कळू द्यायचं नाही म्हणाल्या? —ताई, त्यांना मुलगी नाही. एकच मुलगा आहे, बांबूने होडी ढकलतो तो. त्यांना मुलगी नाहीये हो.

कधीपासून येताहेत? …म्हणजे थंडी पडायच्या आधीपासून. म्हणजे तो डबा नुसताच. माझ्या देखत रोज डब्यात ठेवतात, झाकण लावतात. आणि काळी बांधायच्या टेबलावरच्या केसांना जरा वळण असायचं, मी म्हटलंसुद्धा होतं, आई, हे वळलेत कसे, माझे तर काडीसारखे सरळ. म्हणाल्या, ओले झाले की वळतात. मी मान डोलावली. मग परवा पंपांच्या हातात जी काळी होती ती कुणाची? तुमच्याकडे असे लांब, वळणाचे कोण कापून घेतं? …पोस्टातल्या बाई? अरे देवा. त्या तिकिटं देणाऱ्या? त्यांच्या केसांना एवढा मोठा मासा लागला आणि त्यांना पत्ताही नाही! आणि एक मासा परत फिरला नाही, सासरे म्हणतात या वर्षीसारखी काळी कधी झाली नव्हती—थांबा, हसू नका, मला हसवू नका, माझं काहीतरी होईल. म्हणून उठल्या त्या. म्हणून आधी काळी काढून घेतली. दिव्याखाली वेणीशेजारी आणखी थोडा वेळ धरली असती तर आंधळ्यालाही वळण दिसलं असतं. आणि म्हणून मला पलीकडच्या गल्लीत पाठवत होत्या.

मग पायरीवर मला कशाला बसवतात? केस नकोत त्यांना. कधीपासूनच नकोत. तरी रोज होड्या गेल्या की—

आणि मी काय करून बसले हे? …चिकटवता येत नाहीत ना? नाही, विचारलं आपलं.

ऐकलंत? हॉर्न. त्याच. दोनदा वाजवतात. नाही, ही नाही द्यायची आता. कशी देऊ? वेणी हातात ठेवली की विचारतील, का गं? आणि मग मला सांगावं लागेल की मला काय वाटलं होतं. इतके दिवस त्यांच्या हाताखाली बसून काय वाटत होतं. त्यापेक्षा ठेवा तुम्ही, आत कुठेतरी, त्या टॉवेलांच्या मागे. आणि त्यांना विकू नका हं पुढे, कितीही म्हणाल्या तरी. त्या वास घेतील आणि ओळखतील. घ्या ना, हात काय बघताय, घ्या! दुसरा हॉर्न. …उतरल्या. पदर खोचला. रस्ता ओलांडताहेत. ताई, तुम्ही त्यांना ओळखत नाही. कधी बघितलं नाही. बाहुल्या नाहीत, पोस्टातल्या बाई नाहीत, मुलगी नाही, कुणी काही म्हणालेलं नाही आणि मी काही ऐकलेलं नाही. मी सांगेन काहीतरी, उकडत होतं म्हणेन. तुम्ही आता अगदी गप्प—

या, आई.

…

काय म्हणालात?

…

नाही, आई. मानेला गार नाही लागत.